अलाइनमेंट सगळ्यात शेवटी: जुन्या गाडीच्या थरथरणाऱ्या स्टिअरिंगचे पाच आठवडे

ताशी ८० किलोमीटरला सुरुवात व्हायची. ९० ला स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरायचं आणि १०५ च्या पुढे गेलं की पुन्हा बऱ्यापैकी शांत व्हायचं. शिवाय सरळ रस्त्यावर पकड सैल केली की गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. गाडी चौदा वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन), टायर १७५/६५ आर १४. हे सगळं निस्तरायला पाच आठवडे लागले. त्यातला पहिला दीड आठवडा आणि दोन अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) पैसे केवळ क्रम चुकल्यामुळे गेले. ज्यांचं स्टिअरिंग आज थरथरतंय, त्यांचा तेवढा वेळ तरी वाचावा म्हणून सगळं घडलं तसं लिहून ठेवतोय.

पहिल्या आठवड्यात बहुतेक जण करतात तेच केलं. गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे समतोल करणं) करून घेतलं. मशीनच्या कागदावर जुळवता येणारे सगळे आकडे हिरवे आले. थरथर मात्र तशीच. नऊ दिवसांनी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये पुन्हा अलाइनमेंट केलं, पुन्हा आकडे हिरवे, पुन्हा थरथर. एवढ्यात एकच गोष्ट बरी झाली. दोन्ही वेळचे छापील कागद मागून घेतले होते. त्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतात आणि बहुतेकांचं लक्ष फक्त ‘नंतर’वर जातं.

पहिल्या कागदाच्या ‘नंतर’च्या रकान्यात डाव्या चाकाचा टो (चाकाचं तोंड पुढे आत वळलंय की बाहेर, तो कोन) होता अधिक ५ मिनिटं (अंशाचे साठ भाग, त्यातलं एक मिनिट) आणि उजव्याचाही अधिक ५. नऊ दिवसांनंतरच्या दुसऱ्या कागदावर ‘आधी’च्या रकान्यात उजवा अधिक ४, म्हणजे जवळपास तोच. डावा मात्र उणे १३. मधल्या काळात कोणी पाना लावला नव्हता, मोठा खड्डाही लागला नव्हता. तरी डावं चाक १८ मिनिटांनी फिरलं होतं. १४ इंची रिमच्या कडांवर मोजलं तर हा फरक साधारण दोन मिलिमीटर भरतो. लावलेलं माप आपोआप सरकतं याचा अर्थ डावीकडे काहीतरी ढिलं आहे. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट गाडी मशीनवरून उतरेपर्यंतच खरं असतं. हे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कुठे काम योग्य दिशेला लागलं.

थरथर आणि ओढ ही दोन वेगळी दुखणी आहेत, हेही तेव्हाच नीट डोक्यात बसलं. टो, कॅम्बर (चाक उभ्यात आत-बाहेर किती कललंय), कॅस्टर (चाक ज्या उभ्या रेषेभोवती वळतं ती पुढे-मागे किती कललीय) हे कोन बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात, स्टिअरिंग तिरकं राहतं. थरथरीला मात्र फिरणारी वस्तू लागते: टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), डिस्क (ब्रेकची चकती), ड्राइव्हशाफ्ट (ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा). ढिले सांधे ती थरथर स्वतः निर्माण करत नाहीत, पण बारीकसा हादरा मोठा करून हातापर्यंत पोचवतात. म्हणून अलाइनमेंटने थरथर थांबेल ही अपेक्षाच चुकीची होती.

दुसऱ्या आठवड्यात पाना हातात न घेता फक्त नोंदी केल्या. मोकळा सरळ रस्ता, शेजारी वही घेतलेला माणूस, आणि एका वेळी एकच प्रश्न. ९० ला थरथर सुरू असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नुसती वाहू दिली. थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग बाजूला पडली. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढते का? नाही. वाढली असती तर ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या जॉइंटवर पहिला संशय घेतला असता. हलका ब्रेक दाबल्यावर? किंचित वाढत होती, आणि गाडी डावीकडे जास्त ओढत होती. हे वहीत ठळक लिहून ठेवलं. थरथर फक्त स्टिअरिंगला की सीटलाही? फक्त स्टिअरिंगला, म्हणून पुढची चाकं. सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर आधी मागची चाकं बघावीत.

९० लाच का, याचं उत्तर साधं आहे. या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.७८ मीटर जातो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला चौदा फेरे. पुढच्या सस्पेन्शनवर चाक ज्या लयीत आपोआप उडू पाहतं ती लयही साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळा अशीच असते. दोन्ही लयी जुळल्या की थोडासा असमतोलही मोठा होतो, वेग पुढे गेला की जुळणी सुटते. आणि असमतोल म्हणजे किती? रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम जास्त असले तर ९० ला ते पावणेतीन-तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतात, तेही सेकंदाला चौदा फेरे घेत. ४५ च्या वेगाला तोच जोर चौथा हिस्सा उरतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर काहीच कळत नाही.

त्या शनिवारी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली. डावं डावीकडेच, उजवं उजवीकडेच, कारण टायर एकाच दिशेने फिरायच्या नक्षीचे होते. ही चाचणी फुकट होते आणि एका तासात खूप काही सांगून जाते. फिरून आल्यावर स्टिअरिंगची थरथर निम्म्याहून कमी आणि सीटमध्ये नवी थरथर. म्हणजे दोष मोठ्या प्रमाणात चाकांबरोबर मागे गेला होता.

मग चाकं एकेक करून उचलून हाताने फिरवली. जमिनीवर एक लाकडी ठोकळा, त्यावर आडवी पट्टी, तिचं टोक टायरपासून दोन-तीन मिलिमीटरवर. चाक सावकाश फिरवलं की फट कुठे वाढते-घटते ते दिसतं. पूर्वी डाव्या पुढे असलेल्या टायरला एका जागी जवळजवळ अडीच मिलिमीटरचा उंचवटा निघाला. तळवा फिरवला तर आतल्या खांद्यापाशी स्पष्ट फुगवटा लागत होता. आतला स्टीलचा पट्टा रबरापासून सुटायला लागल्याची ही खूण. असा टायर बॅलन्सिंग मशीनवर शून्यही दाखवू शकतो, कारण वजन सगळीकडे सारखं असू शकतं, गोलाई नसते. दोन्ही वर्कशॉपमध्ये तो निसटला याचं एक कारण हे असावं. फुगवटा दिसल्यावर त्या टायरवर एक किलोमीटरही चालवू नये. वेगात पट्टा सुटला तर टायर फुटू शकतो. तो दिसला त्या क्षणी अंगावर काटा आला, कारण आठवडाभर घरची माणसं त्याच चाकांवर फिरत होती. त्याच दिवशी स्टेपनी लावली.

टायरचं वय बघायला विसरू नका. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ लिहिलं असेल तर तो २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं आणि दहा वर्षांनंतर टायर काढूनच टाका, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. पुढचे दोन्ही टायर जोडीने बदलले. सगळ्या पाच आठवड्यांतला सर्वांत मोठा खर्च हाच.

नवे टायर बॅलन्स करताना या वेळी शेजारी उभं राहून तीन गोष्टी करून घेतल्या. जुनी सगळी वजनं काढून, रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून मगच चाक मशीनवर. रिमचं मधलं भोक आणि त्यात बसणारा मशीनचा शंकू पुसून. आणि शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करून पुन्हा माप. दुसऱ्या वेळी दहा ग्रॅमपेक्षा जास्त दाखवलं तर चाक मशीनवर मध्यावर बसलेलंच नाही आणि पहिलं शून्य खोटं. पहिल्या चाकाला १५ ग्रॅम निघाले. शंकू बदलून परत केलं. कारागिराला हे शांतपणे सांगितलं तर तो करतो, वाद होत नाही.

घरी चाकं लावण्याआधी हबचा चाक टेकतो तो पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासला. चौदा वर्षांचा गंज पापुद्र्यांनी निघाला. पापुद्रा ०.२ मिलिमीटरचा जरी असला तरी हबपाशी लहान दिसणारं तिरकेपण टायरच्या कडेपर्यंत चौपट होतं. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचं घट्ट करणं चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने. या गाडीच्या पुस्तिकेत १०० न्यूटन मीटर आहे, तुमच्या पुस्तिकेतलं माप तेच पाळा. आटे कोरडे असतात असं गृहीत धरून ते माप दिलेलं असतं, म्हणून त्यांना ग्रीस लावू नये. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच फिरवली. दोन नट थोडे फिरले.

आता ९० ला थरथर उरली होती ती हलकी, काळजीपूर्वक धरलं तर जाणवणारी. डावीकडची ओढ जशीच्या तशी.

तिसरा आठवडा सांध्यांचा. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. मागच्या चाकांना आडण, हँडब्रेक, पुढे जॅक, आणि बॉडीखाली दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी, आलटून पालटून ढकललं. खट्ट असा बारीक प्ले (सैलपणा) लागला तर तो बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याचा) हे कळायला दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकने प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. इथे काहीच नव्हतं. मग नऊ आणि तीनच्या जागी. उजवीकडे घट्ट, डावीकडे अगदी हलकी टिकटिक.

टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) मात्र गाडी उचलून नाही, जमिनीवर उभी असताना तपासलेला बरा. दुसऱ्या माणसाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं झटपट हलवत राहायचं आणि आपण बाजूने हात घालून बोट सांध्यावर ठेवायचं, अर्धं सांध्यावर आणि अर्धं आर्मवर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. डाव्या बाहेरच्या टाय रॉड एन्डमध्ये प्ले होता आणि त्याचा रबरी बूट फाटून आत माती गेली होती. कागदावर सरकलेल्या १८ मिनिटांचा एक धनी सापडला.

ओढीचा धनी दुसरा होता. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे दांडा बॉडीला जोडणारं रबरी अस्तर. पहार घालून हलकेच रेटल्यावर डाव्या बुशचं रबर धातूपासून सुटून उघडं पडलं, उजव्याला फक्त वरवरच्या चिरा. हा बुश सुटला की चाक मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो, आणि कॅस्टर ज्या बाजूला कमी त्या बाजूला गाडी ओढते. ब्रेक लावला की रस्ता चाकाला आणखी मागे ढकलतो, म्हणून ब्रेकमध्ये ओढ वाढत होती. वहीतल्या नोंदीशी हे तंतोतंत जुळलं.

तरी डिस्क तपासल्याशिवाय सोडली नाही, कारण ब्रेकमध्ये स्टिअरिंग थरथरलं की डिस्क वाकडी झाली असं म्हणून ती बदलून टाकतात. चाक काढून, नटांखाली वॉशर घालून डिस्क हबवर घट्ट बसवली आणि बाहेरच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) लावला. पूर्ण फेऱ्यात ०.०३ मिलिमीटर. साधारण ०.०५ ते ०.१ च्या आत असलं तर चालतं, गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा बघावी. जाडीही आठ ठिकाणी मायक्रोमीटरने मोजली, फरक नगण्य. नव्या डिस्कचे पैसे वाचले.

सुट्या भागांची वाट बघण्यात सहा दिवस गेले. नुसता बुश मिळत होता, पण तो प्रेसने बसवावा लागतो आणि त्यातल्या पोकळ खाचा ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. चुकीच्या दिशेने बसवलेला बुश लवकर फाटतो. म्हणून बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला पूर्ण लोअर आर्म घेतला, दोन्ही बाजूंचे, आणि टाय रॉड एन्डचीही जोडी. मागवताना गाडीचा चासी नंबर द्या. एकाच मॉडेलला मधल्या वर्षी टेपर (सांध्याची निमुळती पिन) किंवा बोल्टचं माप बदललेलं असू शकतं. या सहा दिवसांत रोज संध्याकाळी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहिलो. त्यामुळे एकही बोल्ट तुटला नाही.

चौथ्या आठवड्यातलं बसवण्याचं काम शनिवार-रविवार मिळून अकरा तासांचं. काही उघडण्याआधी गाडी जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहिली: ३६५ मिलिमीटर. या आकड्याचं काम पुढे येतं. टाय रॉडचे बाहेर दिसणारे आटे मोजले, लॉकनट पाव फेरा सैल केला, आणि जुना एन्ड काढताना किती फेरे लागले ते मोजले. डावीकडे १७, उजवीकडे १८. नवे तेवढ्याच फेऱ्यांवर. टेपर सोडवायला पुलर वापरला. पुलर नसेल तर आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोडे मारून टेपर सुटतो. आट्यांवर मात्र मारू नये. नवा नट घट्ट करताना पिनच फिरायला लागली तर खालून जॅकने किंचित दाब द्यावा, टेपर पकडतो. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे न्यायचा, कधीही मागे नाही.

लोअर आर्म काढताना बॉल जॉइंटची खुंटी हबच्या चिमट्यातून खाली येते. चिमटा छिन्नीने फार फाकवला तर तडकतो, थोडाच उघडा. आर्म सुटल्यावर हब बाहेर लोंबू द्यायचा नाही, तारेने स्ट्रटला बांधून ठेवायचा, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट आपल्या कपातून बाहेर येतो आणि काम दुप्पट होतं. नवी खुंटी बसवताना तिच्यावरची खाच आणि बोल्ट समोरासमोर यायला हवेत. बोल्ट सरळ गेला तरच खुंटी पूर्ण बसली.

आता तो ३६५ चा आकडा. बुशचे बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण घट्ट केले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. म्हणून ते नुसते बसते ठेवले, आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून हब ते मडगार्ड अंतर ३६५ वर आणलं, आणि मग टॉर्क दिला. घाईत सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारी पायरी हीच आहे.

वर्कशॉपपर्यंत सुरक्षित जाता यावं म्हणून घरीच दोरीने टो लावला. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर ताणलेली दोरी, चारही हबपासूनचं अंतर मोजून गाडीला समांतर. पुढच्या-मागच्या चाकांमधल्या रुंदीत फरक असेल तर त्याचा निम्मा दर बाजूला धरायचा. स्टिअरिंग सरळ बांधायचं. मोजण्याआधी गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलायची आणि पुढून दोन-तीनदा दाबायची, नाहीतर टायर जमिनीला चिकटून खोटं माप देतात. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत. पुढचं अंतर जास्त तर टो आत, कमी तर टो बाहेर. डावीकडे ३ मिलिमीटर बाहेर निघालं. या गाडीवर टाय रॉडचा पाव फेरा म्हणजे रिमवर साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे टो आत येईल असा पाऊण फेरा दिल्यावर शून्याजवळ आलं. तीन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण प्रत्येक मिलिमीटरमागे चाक दर किलोमीटरला अडीच मीटरहून जास्त आडवं घासत असतं.

कॅम्बरसाठी ओळंबा लावून रिमच्या वरच्या-खालच्या कडा पाहिल्या. दोन्ही बाजू सारख्याच होत्या, म्हणजे स्ट्रट वाकलेला नव्हता. स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर हात ठेवून स्टिअरिंग फिरवलं, स्प्रिंग उडी न मारता सरळ फिरत होती.

पाचव्या आठवड्यात तिसरं आणि शेवटचं अलाइनमेंट. जाण्याआधी हवा पुस्तिकेप्रमाणे, डिकी रिकामी. दोन्ही लॉकनट आधीच मोकळे फिरतात ना ते बघून नेलं, कारण जाम लॉकनटमुळे कारागीर एकाच बाजूने टो जुळवतो आणि स्टिअरिंग तिरकं होतं. टो दोन्हीकडे अधिक ५ मिनिटं, कॅम्बर उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, कॅस्टरमध्ये डावी-उजवीचा फरक चौथाई अंशापेक्षा कमी. पहिल्या दोन कागदांवर हा फरक सव्वा अंशाच्या वर होता आणि कॅस्टर या गाडीत बदलता येत नाही म्हणून कोणी त्याकडे पाहिलंच नव्हतं. बदलता न येणारा कोन चुकलेला दिसला तर काहीतरी फाटलंय किंवा वाकलंय.

परत येताना ९० ला स्टिअरिंग स्थिर होतं. दोन बोटांवर धरून बघितलं, मग १०० ला, मग हलका ब्रेक. काही नाही. पुढच्याच वळणावर गाडी थांबवून मिनिटभर नुसता बसून राहिलो.

पाचशे किलोमीटरनंतर तिन्ही कागद घेऊन टो पुन्हा तपासला, फरक एका मिनिटाचा. टायरच्या नक्षीवर आतून बाहेर आणि बाहेरून आत तळवा फिरवला. दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत लागला, एका दिशेला पात्यासारखी धार लागत नव्हती. तिसरा कागद आता गाडीच्या पुस्तिकेत ठेवलाय, त्यावर बुश बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून.